पडद्यामागचा आवाज : पटकथेत निवेदन कधी आणि कसं वापरावं?



गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी शॉर्ट फिल्म जन्माला येते. मोबाइल कॅमेरा आहे, एडिटिंगचं ॲप आहे, सबमिशन संपवून जागायला तयार असलेली चार टाळकी आहेत, मग काय हवं? आणि मग दहापैकी सात फिल्म एकाच पद्धतीने सुरू होतात. सूर्योदय, मागे बासरी आणि एक जड, खर्जातला आवाज : "ही कहाणी आहे..." पुढची पाच मिनिटं तो आवाज थांबत नाही. पडद्यावर मुलगा रडत असतो आणि आवाज आपल्याला सांगतो की मुलगा रडतोय!

या आवाजाला पटकथेच्या भाषेत व्हॉइस-ओव्हर म्हणतात. मराठीत निवेदन. सिनेमा लिहायला शिकवणारी पुस्तकं याच्यावर चांगलीच रागावलेली दिसतात. चार्ली कॉफमनने लिहिलेल्या 'अ‍ॅडॅप्टेशन' (२००२) या अमेरिकन सिनेमात तर गंमतच आहे. नायक पटकथेच्या वर्गात बसलाय, त्याच्या मनातले विचार आपल्याला निवेदनातून ऐकू येतायत आणि तेवढ्यात स्टेजवरचे गुरुजी ओरडतात की निवेदन वापरणं हा निव्वळ आळस आहे. नायकाच्या मनातला आवाज तिथेच गप्प होतो. पण विचार करा, हा विनोद करायला लेखकाला निवेदनच लागलं ना? म्हणजे हत्यार वाईट नाही. ते कुठे चालवायचं, हा प्रश्न आहे.

मी काही सिनेमाची विद्यार्थिनी नाही. थर्ड इयर, इलेक्ट्रॉनिक्स. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी वर्गात कमी आणि घरात, एसटीत आणि सिनेमात जास्त घडलं. पण दोन वर्षं आमच्या ग्रुपच्या स्क्रिप्ट मी लिहिते आहे. त्यासाठी जे वाचलं, पाहिलं, ते एका जागी मांडावं म्हणून हा लेख. व्हायवाला उपयोग नाही, पण गॅदरिंगला नक्की होईल!

१. आधी व्याख्या

व्याख्येशिवाय इंजिनीअरिंगवाल्याला झोप येत नाही, म्हणून आधी तीच. पडद्याबाहेरून येणारा प्रत्येक आवाज व्हॉइस-ओव्हर नसतो. स्क्रिप्टमध्ये पात्राच्या नावापुढे दोन वेगळ्या खुणा लिहितात : व्हीओ आणि ओएस. ओएस म्हणजे ऑफ-स्क्रीन. बोलणारा माणूस त्याच जागी, त्याच वेळी हजर आहे, फक्त कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आहे. व्हीओमध्ये बोलणारा त्या दृश्याच्या जागेत किंवा काळात नसतो. तो नंतर आठवून सांगतोय, फोनच्या पलीकडून बोलतोय, पत्रातून बोलतोय किंवा गोष्टीबाहेर उभा राहून सांगतोय.

दोन्ही एकाच सिनेमात बघायचे असतील तर रितेश बत्राचा 'द लंचबॉक्स' (२०१३) बघा. इला स्वयंपाकघरात उभी राहून वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटींशी बोलते. आंटी सिनेमाभर एकदाही दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज आणि खिडकीतून खाली येणारी टोपली. हे ओएस, कारण आंटी तिथेच आहेत, वर. याच सिनेमात चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यातून इला आणि साजन फर्नांडिस एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात आणि त्या आपल्याला त्यांच्या आवाजात ऐकू येतात. हे व्हीओ, कारण चिठ्ठी वाचली जाते तेव्हा लिहिणारा माणूस तिथे नसतो.

फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की ओएस आवाजाला पात्र उत्तर देऊ शकतं. व्हीओला तिथल्या तिथे देऊ शकत नाही. 'लंचबॉक्स'चं सगळं दुःख याच फरकात आहे. दोन माणसं मनातलं सगळं एकमेकांना सांगतात, पण समोरासमोर कधीच बोलत नाहीत.

२. हे आपल्याकडे नवीन नाही

काही जणांना वाटतं की निवेदन हॉलिवूडहून आलं. अहो, आपल्या रंगभूमीची सुरुवातच निवेदकाने झाली आहे! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार उभा राहून पदांमधून कथा सांगायचा आणि नट त्याप्रमाणे अभिनय करायचे, मधले संवाद आयत्या वेळी बोलायचे. म्हणजे मराठी नाटक आधी निवेदन होतं, संवाद नंतर आले. कीर्तनकार काय करतो? कथा सांगता सांगता क्षणात स्वतःच पात्र होतो आणि दुसऱ्या क्षणी बाहेर येऊन त्या पात्रावर बोलतो. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) सूत्रधार नुसती माहिती देत नाही, तो समोरच्या घटनेची टर उडवतो.

आपल्या भागाला तर हे सांगायलाच नको. दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. गाडीवर भोंगा बांधून गावोगाव नाटकाची जाहिरात करणारा माणूस आठवा. तो दिसण्याआधी त्याचा आवाज येतो आणि त्या दोन मिनिटांत तो अख्ख्या नाटकाची हवा तयार करतो. निवेदनाचा पहिला धडा तिथेच आहे. आवाजाने उत्सुकता वाढवायची असते, उत्तर द्यायचं नसतं.

टीव्हीवर याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेलं 'महाभारत'. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ते पुन्हा लागलं, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. निवेदक कोण? तर 'समय', म्हणजे काळ. आवाज हरीश भिमानींचा, लेखन राही मासूम रझांचं. इतक्या पात्रांची, इतक्या पिढ्यांची गोष्ट कोण सांगू शकतो? जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होता आणि कुणाच्याच बाजूचा नव्हता, तो. म्हणजे आधी प्रश्न, मग निवेदक. आपण उलट करतो. आधी ज्याचा आवाज चांगला त्याला धरतो, मग त्याच्यासाठी वाक्यं लिहितो.

३. 'थ्री इडियट्स'मध्ये फरहानच का बोलतो?

हा सिनेमा (२००९) आपल्याला पाठ आहे, म्हणून अभ्यासाला सोयीचा. दिग्दर्शक राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते एडिटिंग शिकले. पटकथा त्यांची आणि अभिजात जोशींची. चेतन भगतच्या ज्या कादंबरीवरून सिनेमाची कल्पना घेतली, ती 'फाइव्ह पॉइंट समवन' (२००४) हरी नावाचा विद्यार्थी सांगतो. सिनेमात गोष्ट खूप बदलली आणि सांगण्याचं काम फरहानकडे आलं.

आता विचार करा. हिरो रँचो आहे. मग गोष्ट रँचोने का नाही सांगितली?

कारण रँचोकडे एक गुपित आहे. तो ज्या नावाने शिकला ते त्याचं नावच नाही. तो निवेदक असता तर दोनच रस्ते होते : पहिल्याच मिनिटाला गुपित सांगून टाकायचं किंवा अडीच तास प्रेक्षकांपासून लपवायचं. लपवलं असतं तर शेवटी प्रेक्षक चिडले असते की हा आपल्याला फसवत होता. फरहानला मात्र खरंच माहीत नाही. तो शोधतोय आणि आपण त्याच्याबरोबर शोधतोय. त्याला कळतं तेव्हाच आपल्याला कळतं. निवेदकाचं अज्ञान इथे इंजिनाचं काम करतं.

दुसरी गोष्ट. राजूच्या घरची गरिबी फरहान सांगतो, तेव्हा चित्र काळं-पांढरं होतं, अगदी पन्नासच्या दशकातल्या सिनेमासारखं. आजारी वडील, कामाने दमलेली आई, लग्नाची बहीण, सगळं त्या चौकटीत. नुसती गरिबी दाखवली असती तर रडारड झाली असती. नुसता विनोद केला असता तर राजूचा अपमान झाला असता. आवाज थट्टेचा आणि चित्र खऱ्या दुःखाचं, म्हणून आपण हसतो आणि हसताना जरा लाजतोही. एक वाहिनी एक गोष्ट सांगते, दुसरी वाहिनी दुसरी सांगते आणि अर्थ दोन्हींच्या मध्ये तयार होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

४. आवाजाची पाच कामं

(अ) काळ आणि जागा आवळणं. आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'मध्ये (२००१) सुरुवातीला अमिताभ बच्चन यांचा आवाज सांगतो की साल १८९३, गाव चंपानेर, जवळ इंग्रजांची छावणी आणि लगान कुणाकडून कुणाकडे जातो. ही माहिती संवादातून द्यायची तर दोन गावकऱ्यांना एकमेकांना माहीत असलेल्याच गोष्टी सांगत बसावं लागलं असतं. माहिती दिली की आवाज निघून जातो. परत येतो तो थेट शेवटी, भुवनचं नाव इतिहासात कुठे राहिलं नाही हे सांगायला. पाहुण्याने जेवायच्या वेळी यावं आणि पान उचलायच्या आत उठावं, तसं.

(आ) टोमणा मारणं. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मध्ये (१९७७) पण बच्चनचाच आवाज आहे. विषय १८५६ सालचा, इंग्रजांनी अवध गिळलं तो. निवेदक अगदी शांत, सभ्य सुरात इतिहास सांगतो आणि पडद्यावर कार्टूनमध्ये लॉर्ड डलहौसी एकेक संस्थान चेरीसारखं तोंडात टाकतो. सूर सभ्य आहे म्हणून टोमणा जास्त लागतो. गंमत म्हणजे बच्चन सिनेमात आले तेच आवाजाने. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'चं (१९६९) निवेदन त्यांचं होतं.

(इ) साक्ष देणं. 'गँग्ज ऑफ वासेपूर' (२०१२) तीन पिढ्यांच्या सुडाची गोष्ट आहे. सांगतो कोण? नासिर. तो घरातला आहे, पण गादीवर बसणारा नाही. राजापेक्षा राजाच्या घरातल्या माणसाला जास्त दिसतं.

(ई) पत्र, डायरी, फोन. 'रंग दे बसंती'मध्ये (२००६) जुन्या इंग्रज अधिकाऱ्याची डायरी आजच्या मुलांना क्रांतिकारकांशी जोडते. 'लंचबॉक्स'चं वर आलंच. या प्रकाराचा फायदा असा की बोलण्याला कारण असतं. कुणीतरी कुणालातरी काहीतरी लिहितंय.

(उ) अशक्य जागेवरून बोलणं. बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेवार्ड'मध्ये (१९५०) सुरुवातीलाच पोहण्याच्या तलावात प्रेत तरंगताना दिसतं आणि गोष्ट सांगणारा माणूस म्हणजे तेच प्रेत! तो मरणार हे पहिल्यापासून माहीत असतं. प्रश्न फक्त 'कसा' एवढाच उरतो.

पाचही कामांत एक गोष्ट समान आहे. चित्र जे करू शकत नाही ते आवाज करतोय. चित्रात आधीच असलेली गोष्ट आवाज पुन्हा सांगत नाही.

५. न बोलण्याची ताकद

आता उलट बाजू. 'सिंहासन' (१९७९) सिनेमात दिगू टिपणीस नावाचा पत्रकार आहे, काम निळू फुल्यांचं, पटकथा तेंडुलकरांची. मुख्यमंत्र्यांपासून चाळीपर्यंत सगळं तो बघतो. निवेदक व्हायला याच्याइतका लायक माणूस नाही. पण सगळं पाहून झाल्यावर तो आपल्याला भाषण देत नाही. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याच्या जागी दोन मिनिटांचं निवेदन टाकून बघा, सिनेमा पडेल.

'सैराट' (२०१६) क्रिकेटच्या कॉमेंट्रीने सुरू होतो. माइकवाला गावाला हसवतो आणि त्या नादात आपल्याला गाव, पोरं, त्यांची मस्ती सगळं कळतं. माहिती तर दिली, पण व्हीओ नाही, कारण माइक त्याच मैदानावर आहे. हा एक मस्त उपाय आहे : निवेदकाला दृश्याच्या आत आणून बसवा. शाळेची घोषणा, रेल्वे स्टेशनवरचा आवाज, देवळातला भोंगा. आणि त्याच 'सैराट'चा शेवट? लहान बाळाची पावलं आणि आवाज पूर्ण बंद. गोंगाटाने सुरू झालेला सिनेमा शांततेने संपतो.

आपल्या विदर्भातला 'नाळ' (२०१८) घ्या. आपली आई जन्मदाती नाही हे लहानग्या चैत्याला कळतं. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या मनातलं सांगायला निवेदनाचा मोह केवढा! पण ते सगळं त्याच्या डोळ्यांत आणि वागण्यात आहे. तो जे बोलू शकत नाही, तेच आपल्याला ऐकू येतं.

६. एक स्क्रिप्ट करून पाहू

थिअरी खूप झाली, आता प्रॅक्टिकल. समजा विषय असा : सुनीता हॉस्टेलला राहते. गावी धानाची शेती. यंदा रोवणीच्या वेळी पाऊस नाही. फी भरायची आहे.

पहिला आराखडा, आपल्याकडे सर्रास लिहिला जातो तसा :

दृश्य १ / बाहेर / बांधी / सकाळ
कोरडी बांधी. जमिनीला भेगा. बाबा (५०) धुऱ्यावर बसलेले. हातात पिवळे पडलेले पऱ्हे.
सुनीता – व्हीओ : माझे बाबा शेतकरी आहेत. यंदा पाऊस आला नाही. आमची बांधी कोरडी पडली. बाबा खूप दुःखी आहेत.

आता आवाज बंद करून चित्र बघा. शेतकरी? दिसतं. पाऊस नाही? दिसतं. दुःखी? दिसतं. म्हणजे चारही वाक्यांनी शून्य माहिती दिली. स्ट्रक्चर शिकणारे मित्र म्हणतील की लोड आधीच दुसऱ्या मेंबरने उचललाय, हा मेंबर फुकटचं वजन आहे. काढून टाका.

काढला की चित्र उरतं. चांगलं आहे, पण सुनीता गोष्टीतून गेली. तिचा आणि बाबांचा धागा तुटला. आता आवाज परत आणू, पण वेगळ्या कामासाठी. चित्र सकाळचं ठेवू, आवाज आदल्या रात्रीच्या फोनचा.

दृश्य १ / बाहेर / गोठा / पहाट
दोन खुंट, दोन बैल. बाबा एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात.
सुनीता – व्हीओ : बाबा, फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे.
बाबा – व्हीओ : हो माय, मालूम हाये. होते सोय.
बाबा दावं सोडतात.

दृश्य २ / बाहेर / बांधीकडचा रस्ता / सकाळ
बाबा पुढे, बैल मागे. बाजूला कोरडी बांधी, पिवळे पऱ्हे.
सुनीता – व्हीओ : पाणी आलं का हो? रोवणी झाली?
बाबा – व्हीओ : झाली ना. सारं बराबर हाये. इकडची फिकर करू नोको. तू पेपर चांगला देजो.

दृश्य ३ / बाहेर / गोठा / संध्याकाळ
एका खुंटाला बैल. दुसरा खुंट रिकामा. बाबा मोकळं दावं गुंडाळून खुंटीला अडकवतात. आवाज नाही.

शब्द जवळजवळ दुप्पट झाले आहेत. पण आता आवाज खोटं बोलतोय आणि चित्र खरं. फी कुठून आली हे सुनीताला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. तिच्याऐवजी ते ओझं आपल्या खांद्यावर आलं. 'बाबा दुःखी आहेत' हे वाक्य कुठेच नाही आणि तरी तेच सगळीकडे आहे.

हे मला फार लांबून सुचलेलं नाही. रात्री नऊ ते दहा हॉस्टेलच्या जिन्यात उभं राहा. प्रत्येक पायरीवर कुणीतरी घरी बोलत असतं. "जेवलीस का?" "हो, जेवले." मेसचं ताट तसंच परत गेलेलं असतं. "तब्येत बरी आहे ना?" "एकदम मस्त." अंगात ताप असतो. पलीकडूनही तेच. आईचं ऑपरेशन झाल्यावर पोराला कळतं, कारण 'त्याची परीक्षा चालू होती'. आपण सगळे रोज रात्री एकमेकांना व्हीओच देत असतो, चित्र लपवून. ज्याला कुणाला शॉर्ट फिल्मसाठी विषय सापडत नाही, त्याने फक्त जिन्यात उभं राहावं. अर्थात कुणाचा खरा फोन न विचारता रेकॉर्ड करू नये. ऐकावं, विसरावं आणि मग स्वतःचं लिहावं.

७. आवाज कोणत्या भाषेत?

वरच्या स्क्रिप्टमध्ये बाबा 'देजो' म्हणतात आणि सुनीता 'आलं का हो' म्हणते, ते मुद्दाम आहे. कॉलेजला आलेली मुलगी फोनवर वेगळं बोलते, बाप वेगळं बोलतो आणि त्या दोन भाषांमधलं अंतर हाही गोष्टीचाच भाग आहे.

आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण बोली त्याच्या कितीतरी आधीपासून एकत्र नांदतायत. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढचा सूर. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर वर्षानुवर्षं काम केलं, तिला साहित्यात जागा मिळवून दिली. आणि आपल्या शॉर्ट फिल्ममध्ये काय होतं? पात्रं आपल्यासारखी बोलतात, पण निवेदक आला की पुण्याच्या बातम्या लागतात! "या चिमुकल्या खेड्यात निसर्गाने मुक्त हस्ते उधळण केली आहे..." कोण बोलतंय हे? धुऱ्यावर बसलेल्या माणसाची गोष्ट, धुऱ्यावर कधीही न बसलेल्या आवाजात.

यात एक गंभीर गोष्ट आहे. निवेदकाला सिनेमात सगळ्यात मोठा मान असतो. तो सगळं जाणतो, त्याचं प्रेक्षक ऐकतात. आपण तो मान दर वेळी प्रमाण भाषेला दिला आणि बोली फक्त हसवणाऱ्या पात्राला दिली, तर नकळत आपण सांगतोय की आपली माणसं दिसायला चालतील, पण त्यांची गोष्ट त्यांना सांगता येत नाही. मी स्वतः कॉन्व्हेंटवाली. आजी बोलते ते मला सगळं समजतं, पण तिच्यासारखं बोलता येत नाही. म्हणून झाडीतलं निवेदन मी लिहिलं तरी वाचायला त्या बोलीचा माणूस हवा आणि वाक्य फिरवायचा हक्क त्याला हवा. लेखकाने 'पाणी' लिहिलं आणि वाचणारा सहज 'पानी' म्हणाला, तर 'कट' म्हणू नका. तोच टेक ठेवा.

प्रमाण भाषेला मनाई नाही. निवेदक सरकारी अधिकारी असेल, शिक्षिका असेल, शहरातून परत आलेला मुलगा असेल, तर त्याने तसंच बोलावं. फक्त तो कोण आहे हे आधी ठरलेलं असावं.

८. रेकॉर्डिंगच्या चार गोष्टी

एक, लिहिलेलं मोठ्याने वाचा. कानाला खटकणारं वाक्य डोळ्यांना कळत नाही. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

दोन, एडिटिंगच्या आधी मोबाइलवर कच्चं रेकॉर्डिंग करून चित्रावर लावून बघा. निम्मी वाक्यं तिथेच गळून पडतात. चित्र कापून झाल्यावर पक्कं रेकॉर्डिंग करा.

तीन, स्टुडिओ नाही म्हणून अडू नका. पंखा बंद, खिडकी बंद, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड किंवा डोक्यावरून जाड गोधडी. कापड आवाजाचा घुमारा शोषून घेतं. उन्हाळ्यात घाम निघेल, पण आवाज स्वच्छ येईल! त्याच खोलीची एक मिनिट शांतताही रेकॉर्ड करा. दोन वाक्यांच्या मधली फट भरायला ती लागते, नाहीतर आवाज तुटक वाटतो.

चार, 'आवाज लावू' नका. माइक दिसला की आपल्यातला प्रत्येक जण बच्चन होतो. समोर एक मित्र बसवा आणि त्याला सांगत असल्यासारखं बोला.

९. जाता जाता : पाच प्रश्न

स्क्रिप्टमध्ये व्हीओ लिहिण्याआधी एका कागदावर ही उत्तरं लिहा.

१. कोण बोलतंय?
२. कुणाशी बोलतंय?
३. घटना घडून किती काळ लोटल्यावर बोलतंय, आणि तेव्हा त्याला काय माहीत होतं?
४. हे वाक्य काढलं तर प्रेक्षकाचं काय नुकसान होईल?
५. या वेळी चित्र काय वेगळं सांगतंय?

चौथ्याचं उत्तर 'काही नाही' आलं तर वाक्य खोडा. पाचव्याचं उत्तर 'तेच' आलं तर चित्र किंवा आवाज, दोघांपैकी एक बदला. पाचही उत्तरं मिळाली तर मग बिनधास्त लिहा. पुस्तकं काहीही म्हणोत.

आणि एक विनंती. आपल्या कॅम्पसमध्ये असे कितीतरी आवाज आहेत जे अजून एकाही फिल्ममध्ये आलेले नाहीत. गेटवरचे वॉचमन काका, मेसमधल्या मावशी, वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर. आपण त्यांना पाठमोरं शूट करतो आणि वर आपलाच आवाज लावतो. या वेळी आधी त्यांना विचारा. हो म्हणाले तर फोन मध्ये ठेवा आणि त्यांना सांगू द्या. मावशी काय सांगतील ते मला माहीत नाही. म्हणूनच मला ती फिल्म बघायची आहे.